पालकाच्या जागी माझा नंबर

अकरा लेकरांच्या मोबाइलमध्ये पालकाच्या जागी मी माझा स्वतःचा नंबर टाकला. ही माझी चूक. कोणी टाकायला लावला नव्हता, मीच टाकला, आणि टाकताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तसा चुकांच्या बाबतीत मी जुना माणूस आहे, आणि कुलूप लावण्याच्या बाबतीत तर विशेष. माझ्या मोबाइलला मी एकदा असा पासवर्ड टाकला की कोणाच्या बापाला कळू नये. तो मलाही कळला नाही. पुसदच्या बसस्टँडजवळच्या दुकानदारानं फोन उघडून दिला, पण आतलं सगळं पुसून. त्यात माझ्या साळ्याच्या लग्नाचे फोटो होते. बायकोनं तो विषय अजून संपवलेला नाही. दुसऱ्यांदा शाळेच्या खिचडीच्या खोलीची बाहेरची कडी तुटली, म्हणून मी आतून कडी घातली, खिडकीतून बाहेर उडी मारली आणि खिडकी घट्ट ओढून घेतली. ती बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशी दरवाजा फोडला तेव्हा लेकरांना जेवायला मिळालं. एवढं असूनही कुलूप दिसलं की माझा हात शिवशिवतो.

माझी शाळा पुसदहून बावीस किलोमीटरवर. उमरखेडच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की एक तांडा लागतो, तिथं. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन: मी आणि एक मॅडम. मला तिथं सतरा वर्षं झाली. सोयाबीन निघालं, दसरा-दिवाळी झाली की तांड्यावरची निम्मी घरं ऊस तोडायला निघतात. ट्रक येतो. त्यात भांडी, पिठाचे डबे, कोंबड्या, अंगावर पिणारी लेकरं, सगळं चढतं, आणि पुढं होळीपर्यंत त्या घरांत म्हातारी माणसंच राहतात. आधी शाळेतली लेकरंही त्याच ट्रकमध्ये चढायची. ती चढू नयेत म्हणून मी आणि मॅडमनं घरोघरी फिरून पुष्कळ भांडणं केली. हळूहळू लेकरं मागं राहू लागली. पण आई-बापांनी एक नवीन सोय केली. जाताना घरात एक मोबाइल ठेवायला लागले. मोठ्या स्क्रीनचा. म्हाताऱ्यांना तो चालवता येत नाही, म्हणून लेकरांच्याच हातात. संध्याकाळी त्यात आई दिसते.

उरलेल्या वेळात त्यात बाकीचं सगळं दिसतं. तिसरीतला एक पोरगा प्रार्थनेला डोळे मिटून उभा राहायचा आणि तसाच झोपायचा. त्याला मागचा धरून ठेवायचा. ते एक वेळ हसण्यावारी गेलं असतं. पण चौथीतल्या एका मुलीला कोण्या अनोळखी माणसानं फोनवर काय पाठवलं होतं, ते मॅडमनं एका दुपारी मला दाखवलं. मॅडमनं फळा पुसला, पुसलेलाच परत पुसला. तेव्हा काहीतरी करायला पाहिजे होतं हे खरंच. ते मी करायला नको होतं, एवढंच.

त्याच सुमारास आम्हाला एक ऑनलाइन कार्यक्रम बघायला लावला. एका बाईंनी पडद्यावर पालक-नियंत्रण करून दाखवलं. एक ॲप लेकराच्या फोनमध्ये टाकायचं, तेच पालकाच्या फोनमध्ये. मग लेकराचा फोन किती वाजता बंद व्हावा, त्यात काय उघडावं, कोणाचा फोन यावा आणि कोणाचा येऊ नये, हे सगळं पालक आपल्या जागेवर बसून ठरवतो. ओळखीचे नंबर यादीत टाकायचे. बाकीच्यांचा फोन लेकरापर्यंत पोचतच नाही. आधी पालकाला विचारणा येते: परवानगी की नकार? मी तर बघतच राहिलो. घराबाहेर बसून लावता येणारं कुलूप! खिडकीतून उडी मारायची गरजच नाही. शेवटी एक फॉर्म होता. शाळेत किती पालकांकडे असे फोन आहेत, त्यापैकी किती जणांनी नियंत्रण लावलं, फोटो जोडा. मी मनात तेव्हाच भरून टाकलं: अकरापैकी अकरा.

ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता. मी शाळा सुटल्यावर तांड्यावरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो आणि एकेकाला फोन घेऊन बोलावलं. बाया गाठोडी बांधत होत्या, बाप्ये कोयत्यांना धार लावत होते. माझं भाषण ऐकायला कोणाला वेळ नव्हता, तरी मी ते दिलं. पहिलाच फोन हातात घेतला आणि ॲपनं विचारलं, पालकाचा फोन कुठं आहे?

इथं मी एक मिनिट थांबायला पाहिजे होतं. पालकाचा फोन म्हणजे कुठं साधा बटनाचा, कुठं दोन भावांत एक. आणि ज्याच्याजवळ मोठा होता त्यालाही रोज बसून परवानगी-नकार करायला फडावर वेळ कोण देणार? ते काम या लोकांच्या उपयोगाचं नाही, हे मला सतरा वर्षांच्या नोकरीनंतर कळायला हरकत नव्हती. पण सूर्य खाली चालला होता आणि मला अकरापैकी अकरा करायचे होते. मी माझा नंबर टाकला. मग दुसऱ्यात टाकला. मग सगळ्यांत.

“चला,” मी म्हटलं, “आजपासून मी अकरा लेकरांचा बाप.”

सगळे हसले. एक बाई गाठोड्यावर गुडघा देऊन दोरी आवळत होती, ती मान न उचलता म्हणाली, “मंग यायच्या उवा बी तुमीच काढा, गुरुजी.” त्यावर आणखी हसले. मीही हसलो. तिचं तोंड असंच होतं. ती माझ्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलीची आई.

त्या मुलीबद्दल सांगायला पाहिजे. अकरा वर्षांची, अंगानं बारीक, आणि कडेवर कायम तिचा नऊ महिन्यांचा भाऊ. आई शेतात गेली की तो तिच्याकडे. शाळेतही तिनं त्याला कितीदा आणलं होतं; माझ्या टेबलाखाली पोत्यावर तो झोपायचा. रडायला लागला की ती जागेवरूनच काहीतरी गुणगुणायची. दोन-तीन शब्दच असायचे त्यांच्या बोलीतले, परत परत. तो गप व्हायचा. मॅडम म्हणायच्या, हे औषध बाटलीत भरून विकलं पाहिजे. आता तो अंगावर पिणारा, म्हणून आईबरोबर जाणार होता आणि ती मागं राहणार होती. फोन तिच्यासाठी घेतला होता तो एवढ्याचसाठी, की रोज संध्याकाळी तो तिला दिसावा आणि ती त्याला.

“सर, बाळ दिसन ना याच्यात?” तिनं विचारलं.

दिसेल म्हटलं. रोज सात ते आठ. आठ वाजता फोन आपोआप बंद, मग अभ्यास आणि झोप.

ती म्हणाली की तिकडं गाडी भरून याडी कोपीवर येईपर्यंत आठ होऊन जातात. याडी म्हणजे त्यांच्यात आई. कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी. मी म्हटलं, बघू.

मग यादीचं काम आलं. प्रत्येक घराचा एक नंबर मी विचारत होतो. तिच्या आईनं नवऱ्याचा नंबर दिला आणि म्हणाली, “पर तिकडं ज्याच्या फोनले चार्जिंग हाय त्याच्या फोनवरून लावतो आमी. कवा मुकादमाचा, कवा कोणाचा.”

“ते नाही चालत,” मी म्हटलं. “अनोळखी नंबर बंद.”

“आमी अनोळखी काय?”

“तुमचा टाकला ना यादीत. एका घराचा एक नंबर. नियम म्हणजे नियम.”

ती परत गाठोड्याकडं वळली. आणि ते बांधता बांधता ती काहीतरी पुटपुटत होती. आधी मला वाटलं मलाच शिव्या देते. नीट ऐकलं तर आकडे होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी ठेवलेल्या फोनचा नंबर मुलीनं तिच्याकडून पाठ करून घेतला होता, आमच्या पाढ्यांसारखा, दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्या करून. प्रत्येक जोडीला खूण लावून दिली होती. एक जोडी म्हणजे तांड्यावरच्या घरांची संख्या, एक म्हणजे आजोबाचं वय. शेवटची जोडी शून्य दोन. बाळाला तेव्हा दोन दात आले होते. आई चुकली की मुलगी बाळाचा ओठ बोटानं खाली करून दात दाखवायची आणि आई म्हणायची, “हां, शून्य दोन.” इतकी वर्षं मी पाढे शिकवतोय, इतकं चांगलं शिकवणं माझ्या हातून झालेलं नाही.

मी फोटो काढला. सकाळी ट्रक गेला. अहवाल मी त्याच दिवशी पाठवला.

सुरुवातीचे दोन महिने मी बाप असण्याचं सुख उपभोगलं. दाढी करायला बसलो की खिशात टिंग. पंगतीत बसलो, वरणाचा भुरका मारला की टिंग. अमुकला आणखी वीस मिनिटं पाहिजेत. तमुकला गाड्यांचा खेळ पाहिजे. नकार, नकार. नंतर मी भाव खायला लागलो. सतराचा पाढा म्हण, दहा मिनिटं घे. पोरं माझ्या गाडीची सीट पुसून ठेवायला लागली. मी घरी हे सगळं रंगवून सांगायचो. आमचा मुलगा कॉलेजात आहे, त्यानं माझा नंबर कोणकोणत्या यादीतून काढून टाकलाय ते त्यालाच माहीत. बायको म्हणाली, “घरचं एक आयकत नाई, म्हून बाहेर अकरा केले काय?” तिला पोळी वाढताना सुचतं असं.

मुलीच्या विचारणा बाकीच्यांसारख्याच यायच्या, तेवढ्याच टिंगनं. आठ वाजून पाच मिनिटं. आठ वाजून पंधरा. आणखी वेळ पाहिजे. एक-दोनदा मी दिला. मग तिची वेळ साडेआठ करून टाकली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितलं, सगळ्यांसमोर, उपकार केल्यासारखं. तिनं मान हलवली. मधल्या सुट्टीत येऊन तिनं सांगितलं की बाळ आता धरून उभं राहतं. मग चार दात झाले. मग सहा. अधूनमधून अनोळखी नंबराची विचारणा यायची, कोण्या घराला कोणाचा तरी फोन. बहुतेक ते लॉटरी लागली म्हणणारे असत. पाच-सहा वेळा मी फोन करून खात्री केली. एकदा तो खरंच मुकादमाचा निघाला आणि मी तेवढ्यापुरती परवानगी दिली. काम व्यवस्थित चाललं होतं हो. अकरा लेकरांचा बाप दमत चालला होता, एवढंच.

जानेवारीत आर्णीला चार दिवसांचं निवासी प्रशिक्षण लागलं. सोमवारी पहिल्याच तासाला माझा फोन टिंग टिंग टिंग वाजला आणि साहेबांनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. चाळीस माना वळल्या. मी टेबलाखाली फोन धरून ॲप उघडलं. आत खाली एक बटन होतं: अनोळखी नंबरांना नेहमी नकार, पुन्हा विचारू नका. ते मी अकराही लेकरांसाठी दाबलं. फोन गप झाला. त्या शांततेची मला गोडीच लागली म्हणा ना. चार दिवस मी ते ॲप उघडून पाहिलं नाही. गुरुवारी संपलं, शुक्रवारी मी एक रजा टाकली आणि घरी तुरीच्या शेंगा सोलत बसलो.

शनिवारची सकाळची शाळा होती. प्रार्थनेला मुलगी दिसली नाही. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, तुम्हाला कळलं नाही का? तिचा भाऊ गेला.”

मॅडमना जेवढं कळलं होतं तेवढं त्यांनी सांगितलं. रविवारी बाळाला ताप आला, मग जुलाब. त्याच दिवशी बापाचा फोन उसाच्या सरीत पाण्यात पडला आणि बंद झाला. सोमवारी त्याला जवळच्या गावच्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. पोरगं सारखं रडत होतं. आईला वाटत होतं की बहिणीचा आवाज ऐकला तर गप होईल, पाणी तरी पिईल. ती कोणाकोणाचे फोन मागून लावत होती. लागला नाही. बुधवारी पहाटे बाळ गेलं. तिथंच, फडाच्या बांधाला पुरलं. शुक्रवारी टोळीतल्या कोणीतरी तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याच्या बटनाच्या फोनवर लावलं, तेव्हा इथं कळलं.

“पोरगी मंगळवारी मला म्हणत होती,” मॅडम म्हणाल्या, “बाबांचा फोन बंद येतो म्हणून. मी म्हटलं, चार्जिंग नसेल. नेहमीच असं होतं ना.”

मी शाळेच्या मागं गेलो आणि ॲप उघडलं. त्यात इतिहास म्हणून एक भाग असतो. तिच्या नावापुढं सात नकार होते. सोमवारी संध्याकाळी दोन. मंगळवारी दुपारी एक. मंगळवारी संध्याकाळी तीन, त्यातला एक व्हिडिओचा. बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एक. तीन वेगवेगळे नंबर. त्यानंतर काही नव्हतं. प्रत्येकापुढं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: पालकांनी नाकारला.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. वाटेत मी काय सांगायचं ते जुळवत होतो. गोष्टी जुळवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आजी अंगणात सुपात तूर पाखडत होती. मुलगी उंबऱ्यावर बसलेली, फोन मांडीवर पालथा. आजी मला पाहून रडली, मग थांबली, मग परत सूप हातात घेतलं. म्हणाली, “रोज हातात असते हा फोन, गुरुजी. अन् येळेवर मुका झाला.”

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मुलगी बोलली. आवाजात रडणं नव्हतं.

“याडी नंबर विसरली, सर. तिले दुसरा कोनताच नंबर येत नाई, एवढाच येते. किती घोकून घेतला होता मी. तरी विसरली.”

मी म्हणालो, “होते कधी कधी असं. तिकडं रेंज बी नसते.”

हे वाक्य मी बोललो. अनोळखी नंबर बंद केले ही चूक झाली, तिला मी चूक म्हणतो आणि चारचौघांत सांगतोही. पण हे वाक्य मी शुद्धीवर असताना, त्या पोरीच्या डोळ्यांत बघून बोललो. आजीनं मला चहा केला. तो मी प्यालो.

त्याच दिवशी अकराही फोनांवरचं नियंत्रण मी काढून टाकलं. ॲपनं तीनदा विचारलं, नक्की का? नक्की. पोरांनी शाळेत आनंदानं उड्या मारल्या. इतिहास मात्र माझ्या फोनमध्ये तसाच राहिला. तो पुसायचं बटनही होतं, मी पुसलं नाही. का ते विचारू नका. कधी गाडी थांबवून, कधी न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत, मी ते सात नकार उघडून पाहायचो आणि परत खिशात ठेवायचो.

मी फक्त बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम ठेवलं. नेहमीचं काही बोलली नाही, नुसतं म्हणाली, “सांगून टाका त्यायले.” मी म्हटलं, ते लोक परत आले की सांगतो, फोनवर कसं सांगायचं. ते कारण चांगलं होतं. माझी कारणं चांगलीच असतात.

फेब्रुवारीत मला प्रमाणपत्र आलं. नियंत्रण लावण्याच्या कामात शाळा अकरापैकी अकरा, उल्लेखनीय. मॅडमना वाटलं मी ते काचेत बसवीन. मी ते कपाटात खडूंच्या खोक्याखाली ठेवलं.

मुलगी शाळेत यायला लागली होती. अभ्यास करायची, विचारलं तेवढं बोलायची. बापानं नवीन फोन घेतल्यावर संध्याकाळी परत फोन यायला लागले, आता वेळेची अडचण नव्हती, वाटेल तेवढा वेळ होता. पण आईचा चेहरा आला की ती फोन आजीच्या हातात द्यायची आणि बाहेर जायची. हे मला आजीनं शाळेच्या फाटकाशी येऊन सांगितलं. म्हणाली, पोर आईशी बोलत नाही, तुमचं ऐकते, तुम्ही समजावा. मी समजावलं. आईवर राग धरू नये, माणूस दुःखात विसरतं, असं काहीतरी मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत उभी राहिली. मी तिला घंटा द्यायचं काम दिलं. नवीन वही दिली. तिनं दोन्ही घेतलं. टेबलाखालचं पोतं कोणी उचललं नव्हतं, ते एक दिवस तिनंच झटकून घडी करून कोपऱ्यात ठेवलं.

होळीनंतर चार दिवसांनी ट्रक परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शाळेत आली. मुलगी मागं, दोन हात अंतर ठेवून. आई वाळून गेली होती. पाचटानं कापलेले हात तिनं पदरात घेतले होते. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही, व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

“गुरुजी, तुमी शिकलेले मानसं,” ती म्हणाली. “मी म्हनते, तुमी आयका. कुठं चुकली ते सांगा.”

आणि तिनं नंबर म्हटला. एकेक जोडी, मध्ये थांबून, डोळे मिटून. तांड्यावरची घरं. आजोबाचं वय. मधल्या दोन. मग शून्य दोन.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

“आता हाय बरोबर. तवा मी शून्य सहा सांगतलं असन. सहा दात झालते ना त्याचे. माह्या डोक्यात सहाच होते.” ती मुलीकडे वळून बघत होती, बोलत माझ्याशी होती. “हिले मी सांगतलं, मी विसरली नाई, चुकली. तं हे बोलतच नाई.”

मुलगी जमिनीकडे बघत होती. आत मॅडम पहिलीच्या लेकरांकडून कविता म्हणवून घेत होत्या.

आई दोन महिने हेच धरून बसली होती. फडावर, गाडी भरताना, कोपीत. शून्य दोन की शून्य सहा. आणि त्याचं उत्तर माझ्या खिशात होतं.

मी फोन काढला, इतिहास उघडला आणि मुलीपुढं धरला. तिनं तो घेतला. तिला वाचता येतं, मीच शिकवलंय. तिनं वरून खाली वाचलं, मग बोटानं मोजलं. मग एकेक नंबर आणि एकेक वेळ मोठ्यानं वाचून ती आईला त्यांच्या बोलीत सांगायला लागली. सतरा वर्षांत ती बोली मला अर्धीच कळत आली आहे. त्या दिवशी सगळी कळली.

आईनं मला विचारलं, “म्हंजे नंबर बरोबर होता?”

“बरोबर होता. साती वेळा.”

“अन् बंद कोनं केलता?”

“मी.”

मुलगी आईजवळ सरकली. तिनं आईच्या पदराचं टोक धरलं, लहान लेकरू धरतं तसं मुठीत. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. दोघींपैकी कोणी रडलं नाही. मला गप बसता आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझं तोंड सुरू झालं. प्रशिक्षण होतं, फोन वाजत होता, एका घराचा एक नंबर असा नियम होता, अनोळखी माणसं लेकरांना काय काय पाठवतात ते तुम्हाला माहीत नाही, मी तर बापासारखीच काळजी म्हणून…

ती माझं बोलणं संपायची वाट पाहत उभी होती. ते संपेना, तेव्हा मध्येच म्हणाली:

“बाप व्हाले गेलते, तं फोन उचलाचा होता, गुरुजी.”